गिऱ्हाइकं बोलत होती

भारी स्पीकर विकणाऱ्या दुकानात जाऊन "जरा वाजवून दाखवा" म्हटलं, की दुकानदार ज्या चार-पाच रेकॉर्डी काढतो त्यांत एक स्टॉकहोमची असतेच. 'जॅझ ॲट द पॉनशॉप'. सॅक्सोफोन सुरू होतो आणि दुकानदार बोट वर करतो. "आता ऐका हं... ग्लास!" खरंच, कुठेतरी ग्लासावर ग्लास आपटतो. "डावीकडे, जरा मागच्या टेबलावर." मग कोणीतरी हसतं, कोणाची तरी खुर्ची सरकते. दुकानदाराच्या चेहऱ्यावर असं समाधान, की ती बिअर त्यानंच पाजली असावी. पाच कसलेले वादक वाजवताहेत, त्यांच्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. आपणही विचारत नाही. दोन लाखांच्या खोक्यातून ग्लास खऱ्या ग्लासासारखा वाजला, म्हणजे खोकं चांगलं, एवढा हिशेब चोख असतो.

या हिशेबाला हसणं सोपं आहे. जॅझचे दर्दी हसतातच: हे लोक संगीत कुठे ऐकतात, मशीन ऐकतात! ऑडिओवाले उलट सुनावतात, तुम्ही मोबाइलच्या डबड्या स्पीकरवर कोल्ट्रेनसारखा थोर सॅक्सोफोनवादक ऐकता आणि आम्हाला शिकवता होय? माझं दोन्ही आळ्यांत येणंजाणं आहे, त्यामुळे दोन्हीकडची बोलणी खाऊन झाली आहेत. पण त्या ग्लासाबद्दल मला दुकानदाराची बाजू घ्यायची आहे. निदान अर्ध्या वाटेपर्यंत.

स्टॉकहोमच्या गामला स्तान या जुन्या भागात 'स्तांपेन' नावाचा क्लब आहे. त्या जागेत पूर्वी गहाणवटीचं दुकान होतं, रेकॉर्डचं नाव त्यावरून आलं. 1976च्या डिसेंबरात, 6 आणि 7 तारखेला, येर्ट पाल्मक्रान्त्स या ध्वनिमुद्रकानं तिथं मायक्रोफोन लावले. कंपनी प्रोप्रियस नावाची, छोटीशी. सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट आर्ने डोम्नेरुस, पियानो बेंग्ट हालबर्ग, ड्रम मूळचा नॉर्वेचा एगिल योहान्सेन, व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य) लार्स एर्स्ट्रांड आणि बास, म्हणजे माणसाएवढं उंच, खर्जातलं तंतुवाद्य, गेऑर्ग रीडेल. हा रीडेल म्हणजे ॲस्ट्रिड लिंडग्रेनच्या गोष्टींवरच्या सिनेमांतल्या गाण्यांना चाली देणारा माणूस. स्वीडनमधली पोरं त्याची गाणी म्हणत मोठी होतात आणि जगभरचे ऑडिओवाले त्याच्या बासवर आपले वूफर तपासतात. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो.

पाल्मक्रान्त्सनं जे केलं ते सांगायला फार साधं आहे. वादकांच्या समोर, दोन-अडीच मीटरवर, माणसाच्या डोक्याच्या उंचीपेक्षा थोडे वर, दोन नॉयमन मायक्रोफोन. दोघांत वीतभर अंतर आणि तोंडं बाहेरच्या बाजूला वळवलेली. थोडक्यात, वादकांसमोर उभा असलेला एक माणूस, ज्याला फक्त कान आहेत. आपल्या दोन कानांतही तेवढंच अंतर असतं, म्हणून डावीकडचा आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा पोचतो, किंचित दबून पोचतो, आणि तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवतो. आणखीही मायक्रोफोन होते, गर्दीकडे तोंड केलेलेही, पण मुख्य काम या जोडीचं. टेपसाठी नाग्राची यंत्रं. नंतर स्टुडिओत बसून सुधारायला वाव फारसा नाही. हल्ली प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेतात आणि कोण कुठे बसलंय ते नंतर मिक्सरवर ठरवतात. तिथं ड्रमवाला आणि पियानोवाला वेगवेगळ्या शहरांत असला तरी बिघडत नाही. स्तांपेनमधलं अंतर मात्र खोलीतल्या हवेचं अंतर आहे. डोम्नेरुस सॅक्सोफोन घेऊन थोडा वळला तर ते वळणंही टेपवर उतरतं.

आता ग्लास. पियानो, सॅक्सोफोन ही वाद्यं बहुतेकांनी आयुष्यभर स्पीकरमधूनच ऐकलेली असतात. खरा पियानो खोलीत कसा वाजतो हे किती घरांत ठाऊक असतं? त्यामुळे स्पीकरनं पियानोत खोटेपणा केला तरी आपल्याला पत्ता लागत नाही. ग्लास मात्र आपण जन्मापासून खरा ऐकलेला आहे, रोज, स्वतःच्या हातानं. शिवाय तो आवाज एकदम सुरू होतो आणि लगेच विरतो. दिशा ओळखायला कानाला असलेच टोकदार आवाज लागतात. लांबवलेल्या सुराची जागा सांगणं अवघड जातं. ग्लास वाजला की त्याचा थेट आवाज आधी येतो आणि भिंतींवरून, छपरावरून उसळलेला मागाहून. या दोहोंतल्या फटीतून खोली किती मोठी, टेबल किती दूर, हे न सांगता कळतं. एकदा खोली कळली, की सॅक्सोफोनला उभं राहायला जागा मिळते. दुकानदाराला हे असं मांडता येत नसेल, पण त्याचं बोट बरोबर ठिकाणी असतं.

हे सगळं आपल्या घरात ऐकू येणं हे वेगळं प्रकरण. तीन बाजूंनी इमारती, खाली रिक्षांचं स्टँड, वर कोणीतरी रात्री दहाला मिक्सर लावणार. मी मे महिन्यात पंखा बंद करून ही रेकॉर्ड ऐकलेली आहे, घाम पुसत, कारण पंखा चालू असला की सर्वांत आधी खोली पुसली जाते. सूर टिकतात, ताल टिकतो, पण त्यांच्याभोवतीची हवा जाते. घरच्यांच्या मते हे खूळ आहे. "गाणं ऐकू येतंय ना? मग झालं की!" त्यांचंही चुकत नाही. गाणं पंख्यातही ऐकू येतंच.

आणि खरं सांगायचं तर या रेकॉर्डवर गाण्याची तक्रार करावी असं काही नाही, पण जीव टांगणीला लागावा असंही काही नाही. 1976 साल म्हणजे जॅझमध्ये विजेची गिटार आणि सिंथेसायझर शिरून बरीच वर्षं झालेली. हे पाच जण तिकडे बघतसुद्धा नाहीत. 'लाइमहाउस ब्लूज' हे 1920च्या दशकातलं, 'लेडी बी गुड' तसंच जुनं, त्यातल्या त्यात नवं म्हणजे 'टेक फाइव्ह'. सगळं हसतखेळत, पाय हलवायला लावणारं, पाहुण्याला कधी अवघडू न देणारं. एर्स्ट्रांडचा व्हायब्राफोन 'लाइमहाउस'मध्ये भन्नाट पळतो, तेवढ्यापुरता मी हातातलं काम थांबवतो. एरवी कपड्यांना इस्त्री करताना लावायला यासारखी रेकॉर्ड नाही. क्लबातल्या मंडळींना तेवढंच हवं होतं आणि वादकांनाही ते ठाऊक होतं. दोघांचं छान जमलेलं ऐकू येतं. गप्पा आणि गाणं एकमेकांच्या आड येत नाहीत.

व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये ते येतात.

न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमध्ये, 178, सेव्हन्थ अव्हेन्यू साउथ. रस्त्यावरून पंधरा पायऱ्या उतरायच्या की तळघर. मॅक्स गॉर्डननं 1935 साली इथं थाटलेला हा क्लब. माणसं मावतात जेमतेम सव्वाशे. खोली पाचरीसारखी, एका टोकाला निमुळती, आणि त्या निमुळत्या टोकाला वादक. समोरासमोर समांतर भिंती कमी, त्यामुळे आवाज दोन भिंतींत चेंडूसारखा टोलवला जात नाही. जॅझमधल्या किती रेकॉर्डी या तळघरात झाल्या! 1957च्या नोव्हेंबरात सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्सनं पियानोवादकाला रजा देऊन नुसत्या बास आणि ड्रमवर इथं मैफल मारली. पण कानसेन मंडळी व्हॅनगार्ड म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात एकच दिवस असतो. 25 जून 1961, रविवार.

पियानोवर बिल एव्हान्स, बासवर स्कॉट लाफारो, ड्रमवर पॉल मोशन. दोन आठवडे ते तिथंच वाजवत होते आणि हा शेवटचा दिवस होता. रिव्हरसाइड कंपनीचा निर्माता ऑरिन कीपन्यूज, ध्वनिमुद्रक डेव्ह जोन्स आणि उचलून नेता येईल असं दोन ट्रॅकचं ॲम्पेक्स यंत्र. दुपारी दोन बैठका, संध्याकाळपासून रात्रीपर्यंत तीन. दोन ट्रॅक म्हणजे कोणाला किती मोठं ठेवायचं हा निकाल जागेवरच लागणार. नंतर दुरुस्ती नाही. पहिल्याच बैठकीत 'ग्लोरियाज स्टेप' चालू असताना वीज दगा देऊन गेली आणि टेपवर मधला तुकडा उडाला. पुढे बरीच वर्षं गेल्यावर सगळ्या बैठका एकत्र छापल्या तेव्हा तो फाटका तुकडाही तसाच ठेवला, हे मला फार आवडलं.

'माय फूलिश हार्ट' लावून बघा. इतकं संथ, की पुढचा सूर येणार की नाही अशी शंका यावी. मोशन काठीऐवजी तारांच्या ब्रशनं झांजेवर जवळजवळ श्वासच घेतो. लाफारो पियानोमागं 'ठुम ठुम' करत चालत नाही. एव्हान्सचं वाक्य अर्ध्यात राहिलं की तो ते आपल्या परीनं पुरं करतो, कधी खोडूनही काढतो. बास हे हमालाचं वाद्य समजलं जात होतं त्या काळात हा पंचवीस वर्षांचा पोरगा त्यावर गातो आहे. आणि लोक बोलताहेत. सरळ बोलताहेत. मागं भांड्यांची खळखळ, एक बाई मोकळी हसते, कोणीतरी काहीतरी सांगतोय आणि ते त्याला महत्त्वाचं वाटतंय. एव्हान्स दोन सुरांत जी जागा सोडतो, नेमके तिथं येऊन हे आवाज बसतात. गाणं संपतं आणि टाळ्या पडतात, इतक्या विरळ की एकेक हात वेगळा काढता यावा.

गंमत अशी, की स्वस्त स्पीकरवर ही गर्दी दिसतच नाही. मागं एक सरमिसळ कुजबुज राहते, पावसाच्या आवाजासारखी, आणि आपण तिघांकडे लक्ष देतो. यंत्र जितकं चांगलं, तितकी कुजबुजीची माणसं होत जातात. हे टेबल, ते टेबल, हा खाली वाकून बोलतोय, ती मागं रेलून हसतेय. आणि तेव्हा ध्यानात येतं की या माणसाचं तिकडे लक्षच नाही. पैसा ओतून, तारा बदलून, पंखा बंद करून जे काही अधिक मिळवलं ते एवढंच: दुर्लक्ष स्वच्छ ऐकू यायला लागलं. स्तांपेनमधल्या ग्लासावर खूश होणारा दुकानदार इथं मला अर्ध्या वाटेवर सोडावा लागतो. इथल्या ग्लासाला "वा, काय क्लिअर आहे" म्हणवत नाही.

कारण पुढची गोष्ट आपल्याला माहीत आहे. 6 जुलैला, म्हणजे त्या रविवारनंतर अकराव्या दिवशी, न्यूयॉर्क राज्यातच, पण शहरापासून लांब, गाडीच्या अपघातात लाफारो गेला. त्याचा 1825च्या सुमारास घडवलेला प्रेस्कॉट बासही त्या गाडीत मोडला. तो पुढं दुरुस्त झाला. एव्हान्सनं कित्येक महिने पियानोला हात लावला नाही असं सांगतात. कीपन्यूज आणि एव्हान्सनं टेप निवडायला घेतल्या त्या आता श्रद्धांजली म्हणून. पहिल्या रेकॉर्डवर लाफारोला पुढं ठेवलं, सुरुवात आणि शेवट दोन्ही त्याच्याच रचनांनी केले. 'वॉल्ट्झ फॉर डेबी' ही दुसरी रेकॉर्ड 1962 साली आली. मोशन आयुष्याच्या शेवटापर्यंत त्याच तळघरात येऊन वाजवत होता, अगदी 2011च्या सप्टेंबरपर्यंत, आणि नोव्हेंबरात गेला.

त्या टेबलांवरच्या लोकांना यातलं काय माहीत असणार? रविवार, हातात ग्लास, समोर आवडतं माणूस बसलेलं. बिल एव्हान्स तेव्हा नाव कमावलेला वादक होता, दंतकथा नव्हता. आपण आज जितक्या लक्षपूर्वक तो दिवस ऐकतो तितका तो त्या दिवशी त्या खोलीत कोणी ऐकला असेल का, याची मला शंका आहे. त्यांना दोष द्यावा असं मात्र वाटत नाही. सवाई गंधर्व महोत्सवात मागच्या बाजूला चहा-वड्याच्या रांगेत उभं राहून, आत ख्याल रंगात आलेला असताना, "पार्किंग कुठे मिळालं?" हे मीही विचारलेलं आहे. कोणी ते ध्वनिमुद्रित केलं नाही, एवढंच.

आपल्याकडच्या खाजगी मैफलींच्या टेपांची गंमत याच्या अगदी उलट आहे. कोणाच्या तरी दिवाणखान्यात, टेप रेकॉर्डर सतरंजीवर ठेवलेला, मायक्रोफोन तबल्याच्या जास्तच जवळ. त्याची कॅसेटवर नक्कल, नकलेची नक्कल, मग आता कोणीतरी संगणकावर चढवलेली. आवाजाच्या नावानं बोंब. तंबोरा म्हणजे नुसती घरघर. पण ऐकणारे? गवई समेवर येण्याआधीच त्यांचा श्वास अडकतो, आणि सम आली की "आऽहा!" असं काही येतं की टेप क्षणभर फाटते. ती दाद गाण्याचाच भाग असते. गवई पुढची जागा तिच्यावरच घेतो. कित्येक मैफली मला त्या "आऽहा"सकट पाठ आहेत. तिथं ऐकणारे पणाला लागलेत आणि यंत्र कच्चं. व्हॅनगार्डमध्ये यंत्र पक्कं आणि ऐकणारे आपल्या नादात. दोन्ही एकाच टेपवर मिळावं हा हट्ट मी सोडून दिला आहे.

अर्थात टेपवरची गर्दी खरीच असेल असं धरून चालू नये. 7 जुलै 1956च्या रात्री अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातल्या पॉल गोन्साल्विसनं दोन तुकड्यांच्या मधल्या जागेत सलग 27 आवर्तनं सॅक्सोफोन वाजवला. लोक खुर्च्यांवर चढले, नाचले. एलिंग्टनच्या उताराला लागलेल्या कारकिर्दीनं तिथून उलटं वळण घेतलं. (गोन्साल्विस नाव वाचून माणूस मडगावचा वाटावा. गोव्यानं ब्राझ गोन्साल्विससारखा सॅक्सोफोनवादक दिलेलाही आहे. पण पॉलचं घराणं केप व्हर्दीचं. पोर्तुगीज दोन्हीकडे पोचले होते, एवढाच संबंध.) घोळ असा, की त्या भरात तो चुकीच्या मायक्रोफोनवर वाजवत होता. तो होता व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या प्रसारणाचा. कोलंबिया कंपनीच्या टेपवर तो लांबून कुठूनतरी ऐकू येतो. कार्यक्रमातला काही भाग मग स्टुडिओत पुन्हा वाजवला आणि वर टाळ्या चिकटवल्या. ती रेकॉर्ड चाळीसेक वर्षं 'लाइव्ह' म्हणून खपली. 1990च्या दशकात प्रसारणाची टेप सापडली आणि दोन वेगवेगळ्या टेपा जुळवून 1999 साली त्या रात्रीची खरी रेकॉर्ड निघाली, तीही स्टीरिओत: एक बाजू कोलंबियाची, एक बाजू प्रसारणाची. आणि सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीची 1966ची 'लाइव्ह ॲट द क्लब' तर कुठल्या क्लबात झालीच नाही. लॉस एंजेलिसला कॅपिटॉल कंपनीच्या स्टुडिओत पाहुणे बोलावून, त्यांना पेयं पाजून ध्वनिमुद्रित केलेली. ती गर्दी मात्र काय झकास आहे! बोलावलेली माणसं चांगलं ऐकतात.

हे सगळं हल्ली पुन्हा डोक्यात आलं ते नाशिकच्या एका मित्रामुळे. त्याचा आवाजाचा छंद माझ्यापेक्षा जुना आणि खिसा माझ्यापेक्षा खोल. हल्ली गाण्यातून आवाज वेगळे काढणारी सॉफ्टवेअरं निघाली आहेत, त्यांतलं एक घेऊन त्यानं 'माय फूलिश हार्ट'मधली गर्दी काढून टाकली. "आता ऐक. शुद्ध एव्हान्स!" ऐकलं. गर्दी गेली हे खरं. तिच्याबरोबर मोशनचे ब्रशही निम्मे गेले, कारण झांजेवरून फिरणारा ब्रश आणि लांबची कुजबुज यांत त्या सॉफ्टवेअरला फरक कळला नाही. उरलेले अडीच जण कपाटात बसून वाजवत असल्यासारखे वाटत होते. मी त्याला म्हटलं, "जे काढलंस ते कुठाय? ते पाठव." त्यानं पाठवलं. ते जास्त विलक्षण निघालं. शब्द कळत नाहीत, पण भांडी, हसू, टाळ्या सगळं आहे, आणि मध्येच कुठेतरी पियानोचा एखादा उंच सूर त्या ग्लासांत अडकून आलेला, सोडवता न आलेला.

तेव्हापासून आमची व्हॉट्सॲपवर हुज्जत चालू आहे. माझं म्हणणं, मोशनला न विचारता त्याचे ब्रश काढणारे आपण कोण? त्याचं म्हणणं, "अरे, मग त्या गिऱ्हाइकांना तरी कोणी विचारलं होतं? साठ वर्षं लोक त्यांच्या नावानं बोटं मोडताहेत. मी निदान त्यांना सोडवलं." यावर मला अजून काही सुचलेलं नाही. त्याला तसं कळवलेलं नाही.